रिमोट हातातून सुटायला हवा: पहिल्या होम थिएटरचे स्पीकर आणि सबवूफर

माझं पहिलं होम थिएटर एकाच खोक्यातून घरी आलं. पाच चिमुकले स्पीकर, एक सबवूफर (फक्त खर्ज, म्हणजे खालचे जाड स्वर वाजवणारा स्पीकर) आणि खोक्यावर वॉटचा भलामोठा आकडा. पडद्यावर काही फुटलं की खिडकीची तावदानं थरथरायची आणि मी खूश व्हायचो. आठवडाभरात ध्यानात आलं, की सिनेमा संपेपर्यंत रिमोट माझ्या हातातून सुटतच नाही. पात्रं हळू बोलायला लागली की आवाज वाढवायचा, गोळीबार सुरू झाला की घाईघाईने कमी करायचा. शेवटी मी सबटायटल्स लावून बघायला लागलो. ऐकण्यासाठी आणलेल्या वस्तूने मला वाचायला बसवलं होतं.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. आवाज एकदा लावायचा, रिमोट टेबलावर ठेवायचा आणि सिनेमा संपेपर्यंत त्याला हात लावावा लागतो का ते बघायचं. दणका कुठलाही संच देतो. शब्द न् शब्द कळणं अवघड, आणि बजेट कमी असेल तर आणखी अवघड. पुढची सगळी निवड याच हिशेबाने सांगतो.

आधी टेप काढा

स्पीकरची माहितीपत्रकं चाळण्याआधी खोली मोजा. लांबी, रुंदी, उंची, आणि तुमच्या कानापासून टीव्हीपर्यंतचं अंतर. चार आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागतील.

४.३ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोली म्हणजे साधारण ४० घनमीटर हवा. दार बंद होत असेल तर सबवूफरला एवढीच हवा हलवायची आहे. पण हीच खोली कमान किंवा मोकळी बाजू ठेवून शेजारच्या खोलीला जोडलेली असेल, तर तीही मोजणीत धरा. खर्जाला तुमच्या सोफ्याची हद्द कळत नाही, तो वाट मिळेल तिकडे पसरतो. बंद खोलीत दणदणीत वाटलेला सबवूफर मोकळ्या हॉलमध्ये केविलवाणा का वाटतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरी गोष्ट सोफ्याची. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या, सेकंदाला ४० वेळा कंप पावणाऱ्या, लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या घरात येते. ४.३ मीटरच्या खोलीत तिची बरोबर अर्धी लहर मावते आणि ती दोन भिंतींमध्ये अडकून घुमते. भिंतीशी ती सगळ्यात जोरदार आणि खोलीच्या मध्यावर जवळपास गायब. त्यामुळे सोफा ऐन मध्यावर असेल तर तो स्वर ऐकूच येणार नाही, आणि डोकं मागच्या भिंतीला टेकत असेल तर नको तेवढा ऐकू येईल. सोफा अर्धा-पाऊण मीटर पुढे किंवा मागे सरकवायला पैसे लागत नाहीत. सगळ्या सुधारणांमध्ये ही सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक लोक हीच करत नाहीत.

शेवटी खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आलं, तर खोली रिकामी आणि कडक आहे. जाड पडदा, सतरंजी, भरलेलं पुस्तकांचं कपाट यांनी संवाद जेवढे स्वच्छ होतील, तेवढे महागडा रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना ताकद पुरवणारं यंत्र) आणूनही होणार नाहीत.

पैशांची वाटणी

एकूण रकमेचे तीन भाग करा. दोन भाग स्पीकर आणि सबवूफरचे, एक भाग रिसीव्हर आणि वायरींचा. नवखे लोक नेमकं उलटं करतात, कारण रिसीव्हरवर दिवे असतात, मेनू असतो, वैशिष्ट्यांची लांबलचक यादी असते. पण रिसीव्हर लवकर जुना होतो. एचडीएमआयची नवी आवृत्ती आली, टीव्ही बदलला, की तो मागे पडतो. चांगला पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प्लिफायर नसलेला, स्पीकर नीट वापरला तर वीस वर्षं सहज चालतो आणि कुठल्याही रिसीव्हरला जोडता येतो.

सगळं एकदम घ्यायचा हट्ट सोडा. नऊ स्पीकरांत रक्कम वाटली तर नऊ सुमार स्पीकर पदरात पडतात. छतातून आवाज देणारे ॲटमॉसचे स्पीकर पहिल्या खेपेला तर विसराच. मी सुचवेन तो क्रम असा: पुढचे दोन चांगले स्पीकर आणि पाच चॅनेलचा, म्हणजे पाच स्पीकरांना वेगवेगळा आवाज देणारा, रिसीव्हर, मग सबवूफर, मग मधला सेंटर, आणि सगळ्यात शेवटी मागचे दोन सराउंड. दोनच स्पीकर नीट लावले आणि तुम्ही बरोबर मध्ये बसलात, तर संवाद पडद्याच्या मधूनच येतात. सेंटर नसल्याचं कळतही नाही. पण सोफ्यावर चारजण बसणार असतील तर कडेच्या माणसाला सगळे संवाद जवळच्या स्पीकरमधून ऐकू येतात. अशा घरात सबवूफरच्या आधी सेंटर घ्या. कोण कुठे बसतं हे दुकानदाराला माहीत नसतं, तुम्हाला असतं.

एका खोक्यात सगळं देणाऱ्या संचांबद्दल माझं मत कडू आहे, पण त्यामागे कारण आहे. त्यातल्या मुठीएवढ्या स्पीकरांना १५०-२०० हर्ट्झच्या खालचं काही वाजवता येत नाही. मग ते सगळं काम सबवूफरवर येतं. आता प्रौढ पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे नायकाच्या आवाजाचा पाया कोपऱ्यातल्या डब्यातून आणि बाकीचा आवाज टीव्हीखालून. शब्द पातळ होतात, आणि आवाज वाढवला की सबवूफर घुमायला लागतो. माझा रिमोट हातातून का सुटत नव्हता, ते मला दोन वर्षांनी असं कळलं. वर अशा अनेक संचांचे प्लग त्या संचापुरतेच असतात, त्यामुळे एखादा स्पीकर बदलायचा म्हटलं तरी जमत नाही.

पाटीवरचे आकडे वाचताना

पीएमपीओ असं लिहिलेला वॉटचा आकडा दिसला की पान उलटा. क्षणभरासाठी काल्पनिक परिस्थितीत किती ताकद निघेल असा तो आकडा असतो, आणि तो कसा काढायचा याचा सर्वमान्य नियम नाही. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद बघा. रिसीव्हरच्या बाबतीत तर त्याच्या शेजारची बारीक अक्षरंही बघा. किती चॅनेल एकदम चालू असताना मोजलंय? एकच चॅनेल चालवून, फक्त १ किलोहर्ट्झवर आणि आवाजातली भरपूर विकृती (डिस्टॉर्शन) चालवून घेऊन मोठा आकडा काढता येतो. दोन चॅनेल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पूर्ण पट्ट्यात दिलेला छोटा आकडा जास्त खरा.

वॉटपेक्षा कामाचा आकडा म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. तो सांगतो, की १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळेल. समजा स्पीकर ८७ डेसिबलचा आहे आणि तुम्ही ३ मीटरवर बसता. १ वॉटमध्ये तुमच्या कानाशी अंदाजे ७८ ते ८० डेसिबल पोचतील. दहा डेसिबल वाढवायला दहापट ताकद लागते, म्हणजे १० वॉटला ८८ ते ९०, आणि १०० वॉटला ९८ ते १००. साधं बोलणं ६० ते ७० डेसिबलचं असतं. याचा अर्थ संवाद चालू असताना तुमचा रिसीव्हर एक वॉटसुद्धा खर्च करत नसतो. ५० वॉटचा घ्यावा की ७० चा, यावर रात्र जागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की या दोहोंत फरक दीड डेसिबलचा आहे, जेमतेम कळण्याइतका. उलट ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर निवडलात, तर तो रिसीव्हरची ताकद दुप्पट केल्यासारखा आहे.

यात एक छोटी गोम आहे. बरेच उत्पादक १ वॉटऐवजी २.८३ व्होल्टला मोजलेला आकडा देतात. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध) स्पीकरला तो १ वॉटच होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॉट, आणि आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगतो. पहिल्या संचासाठी ६ किंवा ८ ओहमचे स्पीकर घ्या. ४ ओहमचे स्पीकर साध्या रिसीव्हरला घाम फोडतात.

फ्रिक्वेन्सीचा पट्टा वाचताना 'अधिक-उणे ३ डेसिबल' ही पुरवणी शोधा. नुसतं '४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असेल तर ४० हर्ट्झवर आवाज किती पडलेला आहे ते कळत नाही. दहा डेसिबल पडलेला असेल तर तो स्वर असून नसल्यासारखा.

पाटीवर जे सहसा नसतं, तेच खरं महत्त्वाचं. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत कितीतरी वर्षं लोकांना पडद्याआड ठेवलेले स्पीकर ऐकवले. कोणता स्पीकर महाग, कोणता स्वस्त, हे न कळता लोकांनी बहुतेक वेळा तोच निवडला, ज्याचा समोरून मोजलेला प्रतिसाद सपाट होता आणि बाजूने मोजलेला प्रतिसादही गुळगुळीत उतरत होता. एखाद्या स्पीकरची अशी मोजमापं कुणी स्वतंत्रपणे घेऊन प्रसिद्ध केली असतील तर ती दहा कौतुकाच्या परीक्षणांपेक्षा मोलाची.

पुढचे दोन

बुकशेल्फ (छोटी पेटी) की टॉवर (जमिनीवर उभी राहणारी उंच पेटी)? तेवढ्याच पैशांत बुकशेल्फ. टॉवरमध्ये तुमचा पैसा लाकडात जातो. शिवाय सबवूफर जोडला की ८० हर्ट्झच्या खालचा आवाज आपण स्पीकरकडे पाठवतच नाही, मग टॉवरची आणखी खालचे स्वर वाजवण्याची ताकद वापरलीच जात नाही. ५ ते ६.५ इंची वूफरचा (खालचे-मधले स्वर वाजवणारा गोल पडदा) बुकशेल्फ पुरेसा आहे. टॉवरच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की बुकशेल्फला स्टँड लागतो, स्टँडलाही पैसे पडतात आणि तोही जमिनीवर तेवढीच जागा अडवतो. आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर स्टँडचा पाया जड हवा.

नाव बुकशेल्फ असलं तरी त्यांना पुस्तकांच्या फळीत कोंबू नका. मागच्या बाजूला हवेचं भोक असेल तर भिंतीपासून किमान १५-२० सेंटीमीटर सोडा. तेवढी जागा नसेल तर पुढे भोक असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा स्पीकर शोधा.

सेंटर

इथे जरा थांबतो, कारण सिनेमातले बहुतेक संवाद याच एका स्पीकरमधून येतात आणि लोक नेमकी इथेच काटकसर करतात.

पहिला नियम: सेंटर पुढच्या दोघांच्याच मालिकेतला हवा. नाहीतर पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेलं की मध्येच त्याचा आवाज बदलतो, जणू त्याला वाटेत सर्दी झाली.

दुसरं, आडव्या सेंटरची रचना बघा. नेहमीच्या स्वस्त सेंटरमध्ये मध्ये ट्वीटर (वरचे बारीक स्वर वाजवणारा छोटा घुमट) आणि दोन्ही बाजूंना एकसारखे दोन वूफर असतात. समोर बसलेल्याला ठीक, पण कडेला बसलेल्याच्या कानापर्यंत दोन वूफरचा आवाज किंचित मागेपुढे पोचतो आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. ते स्वर नेमके बोलण्याच्या पट्ट्यातले असतात. म्हणून सोफ्याच्या टोकाला बसलेली व्यक्ती सारखं 'काय म्हणाला?' विचारते. यावर दोन उपाय. एक म्हणजे तीन-मार्गी सेंटर, ज्यात ट्वीटरच्या खाली किंवा वर मध्यम स्वरांचा छोटा ड्रायव्हर उभा बसवलेला असतो. दुसरा माझा लाडका: पुढे लावलेत तसाच तिसरा बुकशेल्फ टीव्हीखाली उभा ठेवा. जागा मिळाली तर यापेक्षा जुळणारा सेंटर नाही. काही कंपन्या सुटा एक बुकशेल्फ विकतात, घेताना विचारून बघा.

तिसरं, जागा. सेंटर टीव्हीखालच्या कपाटात आत ढकलला तर पुढची फळीच त्याचा आवाज परतवते आणि संवाद डब्यातून आल्यासारखे वाटतात. स्पीकरचा चेहरा फळीच्या काठाबरोबर आणा, थोडा पुढे आला तरी चालेल. तो तुमच्या गुडघ्यांकडे बघत असेल तर पुढच्या काठाखाली काहीतरी सरकवून कानाकडे वळवा. माझ्याकडे दोन शाळकरी खोडरबर आहेत, चार वर्षं झाली, हललेले नाहीत. ते पहिल्यांदा सरकवले त्या संध्याकाळी घरातल्यांनी विचारलं होतं, नवीन स्पीकर आणलास का?

सराउंड स्पीकरबद्दल फार लिहीत नाही. ते छोटे चालतात, स्वस्त चालतात, आधीचे घरात पडलेले असतील तर तेही चालतात.

सबवूफर

सबवूफर म्हणजे दणका ही समजूत डोक्यातून काढा. त्याचं पहिलं काम इतर स्पीकरांच्या पाठीवरचं ओझं उतरवणं. बुकशेल्फच्या छोट्या वूफरला ३५ हर्ट्झचा गडगडाट आणि त्याच वेळी कुजबुजणारा माणूस असं दोन्ही वाजवायला लावलं तर त्या वूफरचा पडदा एवढा आतबाहेर होतो की कुजबुज गढूळ होते. गडगडाट सबवूफरकडे गेला की शब्द स्वच्छ होतात. म्हणून म्हणतो, सबवूफर हीसुद्धा संवादांचीच खरेदी आहे.

'५.१' मधला तो '.१' म्हणजे खर्जाची वेगळी वाहिनी (चॅनेल), तिलाच एलएफई म्हणतात. ती फक्त १२० हर्ट्झपर्यंतच जाते, पूर्ण वाहिनीचा लहानसा तुकडा, म्हणून एक न म्हणता '.१'. तिला इतर वाहिन्यांपेक्षा १० डेसिबल जास्त उसळी ठेवलेली असते. त्यावर बाकीच्या पाच स्पीकरांचा काढून घेतलेला खर्जही इथेच येतो. म्हणजे या एकट्या डब्याला सगळ्यांत जास्त घाम गाळायचा आहे, आणि म्हणून त्याच्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला, भिंतीतल्या प्लगला जोडायचा ॲक्टिव्ह सबवूफरच घ्या.

किती इंची? ८ इंची आणि १२ इंची यांत नुसता दीडपट फरक वाटतो, पण हवा ढकलणारं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. आणि खर्जाचा नियम क्रूर आहे: तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली, म्हणजे ४० ऐवजी २० हर्ट्झवर हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून २० हर्ट्झपर्यंत जोरात जाणारे सबवूफर अवाढव्य आणि महाग असतात. पहिल्या संचासाठी मी ३० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे जाणारा १० इंची बघेन, पैसे पुरले तर १२ इंची. जेवढ्या सिनेमांतला गडगडाट तुम्हाला आठवतो, त्यातला बराचसा ३० हर्ट्झच्या वरच असतो.

बंद पेटी की भोकाची? भोक असलेली पेटी तेवढ्याच ताकदीत जास्त आवाज देते, पण ठरावीक स्वराच्या खाली तिचा आवाज कड्यावरून पडल्यासारखा पडतो, सप्तकाला २४ डेसिबल. बंद पेटीचा उतार निम्मा, १२ डेसिबल, आणि छोट्या बंद खोलीत खोलीच तिला खालून हात देते. सिनेमा मुख्य आणि खोली मध्यम किंवा मोठी असेल तर भोकाची घ्या. खोली छोटी, जागा कमी, संगीतही बरंच ऐकायचं, तर बंद. घेण्याआधी भोकाजवळ कान नेऊन जोरदार खर्ज वाजवून बघा. फुसफुस ऐकू आली तर भोक अरुंद आहे.

वरच्या-खालच्या मजल्याचा विचार आत्ताच करा. खर्ज भिंतीतून आणि जमिनीतून सहज जातो. सबवूफरखाली रबरी पाय किंवा फोमची गादी ठेवली तर जमिनीला थेट बसणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा आवाज मात्र जातोच.

ऐकून निवडताना

दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप एवढ्यापुरतं चालतं. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा असलेला स्पीकर आपल्याला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. मला एका ठिकाणी वीस मिनिटं फक्त स्फोट ऐकवले. मी माणसं बोलताना ऐकवा म्हटल्यावर त्या गृहस्थाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तुमच्या ओळखीची दृश्यं घेऊन जा. गर्दीत दबक्या आवाजात चाललेलं संभाषण, पाऊस, टाळ्यांचा कडकडाट. पाऊस तेलात काही तळल्यासारखा वाटला तर ट्वीटर कर्कश आहे. पुरुषाचं बोलणं पिंपातून आल्यासारखं वाटलं तर पेटी थरथरतेय. मग उठून बाजूला दोन पावलं सरका आणि तेच संभाषण परत ऐका. अक्षरं पुसट झाली का?

जुने स्पीकर घ्यायला लाजू नका, कमी बजेटला ती सोन्याची खाण आहे. फक्त वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची असेल तर काही वर्षांनी तिचा भुगा होतो, रबराची बरीच टिकते. ट्वीटरच्या घुमटाला पोचा नको. पाचही बोटांनी वूफर सारख्या दाबाने आत ढकला. खरखर आली तर आतली गुंडाळी घासतेय, निघून या.

घरी लावताना

सोफ्यावरून पुढचे दोन स्पीकर मध्यापासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर दिसावेत. कोनमापक शोधू नका: तुम्ही दोन्ही स्पीकरांपासून ३ मीटरवर असाल तर त्या दोघांमधलं अंतर सव्वादोन ते तीन मीटर. ट्वीटर कानाच्या उंचीला. मागचे दोन, ५.१ असेल तर, ११० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या किंचित मागे, आणि कानापेक्षा थोडे वर.

वायर तांब्याची घ्या. १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर पुरते, त्याहून लांब असेल तर २.५. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर टाळा, रोध जास्त आणि तुटतेही लवकर. जादुई वायरींवर पैसा घालवू नका. लाल टोक लालला, काळं काळ्याला, सगळ्या स्पीकरांना. एकाचं उलटं झालं तर संवाद मध्यातून येण्याऐवजी खोलीभर विरघळतात आणि खर्ज नाहीसा होतो. वायरीची एखादी सुटी तार शेजारच्या टोकाला लागणार नाही हे बोटाने चाचपून बघा. लागली तर रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो आणि तुम्हाला वाटतं नवा कोरा रिसीव्हर बिघडला.

आता सबवूफरची जागा. ही पायरी हास्यास्पद दिसते, पण तिला पर्याय नाही. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा. खर्जाची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजणारं काहीतरी लावा. मग गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा, कान जमिनीजवळ. कुठे खर्ज भोंगळ घुमेल, कुठे गायब होईल, आणि एखाद्या जागी प्रत्येक स्वर सुटा, सारख्या जोराचा ऐकू येईल. सबवूफर तिथे ठेवा. माझ्याकडे ती जागा निघाली कुंडीच्या मागे, जिथे मी तो कधीच ठेवला नसता. कोपरा सगळ्यात जोरदार असतो, पण बहुतेकदा सगळ्यात घुमणाराही.

मग सेटिंग. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं (कुठल्या स्वराच्या खालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारं) बटण पूर्ण वर किंवा एलएफईवर, कारण ते काम रिसीव्हर करणार आहे. दोघांनी केलं तर मधले स्वर दोनदा कापले जातात. आवाजाचं बटण मध्यावर. फेज (सबवूफरची लहर इतर स्पीकरांशी जुळवणारं बटण) ० आणि १८० वर फिरवून बघा, सोफ्यावर खर्ज जिथे भरीव वाटेल तिथे ठेवा. रिसीव्हरसोबत आलेला माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला धरा, हातात नव्हे, स्टँडवर, आणि आपोआप मोजणी करू द्या. मोजणी चालू असताना पंखा बंद, सगळे गप्प.

झाल्यावर मेनूत जाऊन तपासा. रिसीव्हरने पुढच्या स्पीकरांना 'लार्ज' ठरवलं असेल तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. सिनेमाच्या आवाजाचे दर्जे ठरवणाऱ्या टीएचएक्सने रूढ केलेला हा आकडा आहे. त्याच्या वर खर्ज कुठून येतो ते कानाला कळायला लागतं. स्पीकर अगदी छोटे असतील तर १०० किंवा १२०. सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं तर दुरुस्त करू नका, त्याच्या आतल्या विलंबाचा हिशेब त्यात धरलेला असतो. सेंटर मात्र स्वतःच्या मर्जीने एक-दोन डेसिबल वर घ्या, मी घेतो. रात्री उशिरा बघायचं असेल तर नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज नावाचं सेटिंग चालू करा, ते मोठे आवाज दाबतं आणि बारीक आवाज उचलतं.

टीव्हीतला एक सापळा राहिला. टीव्हीतली ॲप वापरत असाल तर एचडीएमआयच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या) खोबणीतूनच रिसीव्हर जोडा आणि टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत 'पीसीएम' असेल तर 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. नाहीतर बऱ्याच टीव्हींमधून दोनच चॅनेल बाहेर पडतात, आणि नव्या सेंटरला, मागच्या दोघांना काही पोचतच नाही. एका मित्राकडे सात महिने असंच चालू होतं. मागचे स्पीकर वाजत नाहीत असं तो म्हणायचा, आम्ही वायरी तपासत बसायचो.

सगळं मनासारखं झालं की मेनूच्या प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढून ठेवा: अंतरं, पातळ्या, क्रॉसओव्हर. सबवूफरच्या मागच्या बटणांचाही, टॉर्च लावून. माझ्याकडे पाहुण्यांच्या मुलाने एकदा रिसीव्हरचं रीसेट दाबलं, फोटो नव्हते, आणि मी परत सगळ्यांना गप्प करून, पंखा बंद करून, माइक घेऊन बसलो.